सोळा ट्रम्पेट, वाजवणारे चार

“भावकीच्या लग्नात चौदा ट्रम्पेट हुते. मला सोळा पायजेत,” केंदूरचे आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे सोसायटीचे चेअरमन आणि नवरदेवाचे वडील. मी शिरूरचा बँडमास्तर, हात जोडून समोर बसलेला.

“आप्पा, वाजवणारे चारच हायेत.”

“आन् ट्रम्पेट किती?”

इथं मी फसलो. ट्रम्पेट माझ्या घरी बरोबर सोळा होते, आणि ते सांगायची मला भारी हौस. वीस वर्षं जमवत होतो. दौंडच्या एका रिटायर्ड गार्डाकडून मिळालेला कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड, गोड गळ्याचा भाऊ. मेरठहून आणलेली एकसारखी जोडी. बायको म्हणायची, “लोकांच्या फळीवर भांडी चकाकतात, आपल्याकडं भोंगे!”

“मग झालं की! माणसं मी देतो. रानात कामाला हायेत, चांगली दांडगी,” आप्पांनी निकाल लावला.

आमच्या धंद्यात हे नवं नाही. न वाजवणाऱ्याला ड्रेस चढवून हातात वाद्य देतात, त्याला डमी म्हणतात. पण माझ्या कलेक्शनला आजवर परका हात लागला नव्हता. तरी नाही कसं म्हणणार? आप्पांनी तोंड वाकडं केलं असतं, तर तालुक्यात मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

लग्नाच्या दिवशी बारा गडी आले. ट्रम्पेट हातात पडला की माणूस फुंकतोच. म्हणून मी बारा ट्रम्पेटच्या नळीत, माउथपीस बसतो तिथं, मेण दाबून भरलं. हवाच जायला नको. वर बजावलं, “नुसती बोटं हलवायची.” स्वतःच्या हुशारीवर लई खूश होतो.

मारुतीच्या देवळापासून नवरदेवाची मिरवणूक निघाली. मी पहिली फुंक मारली. आवाज नाही. दुसरी मारली. कान तापले, आवाज नाही. तवा डोक्यात उजेड पडला. मेरठच्या जोडीतला मेणवाला माझ्या हातात, आणि माझा तिसऱ्या रांगेतल्या गड्याकडं! तो मात्र इमानानं नुसती बोटंच हलवत होता. मधे सगळं गाव नाचत होतं. मागं जायचं कसं?

बाकीचे तिघं वाजवत राहिले. पाऊण तास मी, चाळीस गावांचा बँडमास्तर, तेरावा डमी होऊन बोटं हलवत चाललो. आता आप्पा वळून ओरडणार, आता अब्रू जाणार, एवढंच मनात.

मांडवात आप्पांनी मिठीच मारली. “मास्तर, आज कहर केला! एवढं गोड कवाच वाजवलं न्हाई तुम्ही!”

आधी हायसं वाटलं. मग अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं जीव तोडून वाजवलं, आणि दाद मिळाली ती आज!

मांडवाच्या मेढीला टेकून गावातले एक म्हातारे आबा बसले होते. उमेदीत मेंढरांमागं हिंडलेले, जत्रेत ढोल वाजवलेले. त्यांनी खुणेनं बोलावलं.

“मास्तर, तब्येत बरी हाय न्हवं?”

“बरी हाय की. का आबा?”

“बोटं तर लई पळत हुती. गाल काय फुगत न्हवते.”

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. लाज वाटली, आणि खरं सांगतो, लई बरंही वाटलं.

सोळाची मागणी नंतरही येत राहिली. डमींना मी एकच सूचना वाढवली. बोटं हलवा, आन् गालबी फुगवा. एखादे आबा बसलेले असतात.