साडूंचे चाळीस रत्तल

सायकल चालवून वजन वाढवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला आणि नेमके ते माझे थोरले साडू होते. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. जव्हार संस्थानात ते देवी काढायच्या कामावर होते. लशीची पेटी सायकलला बांधायची आणि पाड्यापाड्यांतून पोरांचे दंड टोचत हिंडायचं. आज मोखाड्याकडे, तर उद्या वावरच्या रानात. एवढं पायडल मारणारा माणूस खरं म्हणजे वाळून खारीक व्हायला हवा. साडू मात्र दर वर्षी चारही अंगांनी वाढत होते. त्यांच्या सायकलच्या सीटनं दोनदा राम म्हटल्यावर गावातल्या लोहारानं एका मोडक्या टांग्याच्या स्प्रिंगा तिला बसवून दिल्या होत्या. समोरून येणाऱ्याला आधी साडू दिसत, आणि खाली सायकलही आहे हे बऱ्याच वेळानं लक्षात येई.

त्यांच्या डोक्यात मुलखाचा जो नकाशा होता त्यावर नद्या-डोंगर नव्हतेच, नुसते पदार्थ होते. खोडाळा म्हणजे बाजारच्या दिवशीची गरम भजी. मोखाडा म्हणजे एका फौजदाराच्या घरचं थालीपीठ. रस्ता विचारणाऱ्याला ते सांगत, "जिथं उडदाची आमटी बरी मिळते ना, तिथून डावीकडे वळा." एकदा एक नवे सर्व्हेअर या पत्त्यावर निघाले आणि दुपारी तृप्त होऊन परत आले. त्यांना जायचं होतं ते गाव काही सापडलं नव्हतं, पण त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती.

असं सगळं सुखानं चाललं असताना संस्थान विलीन झालं. आम्हा शाळामास्तरांचं फारसं काही बिघडलं नाही. कागदावरचे शिक्के तेवढे बदलले. पण दसऱ्याच्या सुमारास साडूंना ठाण्याहून बोलावणं आलं. नव्या सरकारात कायम व्हायचं तर प्रकृती तपासून घ्यायची होती. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, छातीला नळी लावली आणि सांगितलं, "होळीच्या आत चाळीस रत्तल वजन उतरवा. नाहीतर फिरतीचं काम बंद. इथं कचेरीत टेबलाशी बसावं लागेल."

साडू परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मला म्हणाले, "मास्तर, टेबल म्हणजे काय ठाऊक आहे का? चार पायांचं असून एक पाऊल चालत नाही. त्याच्याशी मी वीस वर्षं कशी काढू?"

मग आहार सुरू झाला. साडूंनी एक वही केली आणि पहिल्या पानावर लाल शाईनं 'मिताहार' असं लिहिलं. ते अक्षर मात्र चांगलं लठ्ठ आलं होतं. भात बंद, तूप बंद, गूळ पाहायचासुद्धा नाही. भाकरी चुन्याच्या डबीएवढी. अक्का डोळ्यांना पदर लावून ती डबीएवढी भाकरी थापत आणि साडू तिचे सोळा तुकडे करून अर्धा तास जेवत. दर रविवारी पेठेतल्या भाताच्या व्यापाऱ्याकडे वजन. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात साडू मांडी घालून बसत, दुसऱ्यात मापं चढत, आणि निम्मं जव्हार तिथं कामधंदा सोडून उभं राही. साडू आधी कोट काढून ठेवत, मग वहाणा, मग चष्मा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यांनी कानातली भिकबाळीही उतरवून माझ्या हातात दिली, आणि व्यापारी मापं लावून म्हणाला, "दोन रत्तल वाढले की हो!"

अक्का रडल्या. साडू म्हणाले, "हा तराजू अजून संस्थानाच्या हिशेबानं चालतोय."

अक्कांचा तराजूवर संशय नव्हता. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि शपथ घातली. "मास्तर, नाताळची सुट्टी आहे तुम्हाला. सायकल घ्या आणि एक दिवस त्यांच्याबरोबर जा. कुणाच्या घरी एक घासही घेऊ देऊ नका. माझी शपथ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वांगणीला निघालो. वावरपर्यंत सायकलनं आणि पुढं पायवाटेनं ती हातात धरून, असा बेत होता. पलीकडच्या एका पाड्यावर देवी आल्याची बातमी होती, त्यामुळे साडू नेहमीच्या गप्पा न मारता पायडल मारत होते. उतार लागला तेव्हा ते असे सुटले की मला धापा लागल्या. पण चढ आला आणि साडू रस्त्याच्या कडेला उतरून शांतपणे उभे राहिले. मला वाटलं, दम खाताहेत. तेवढ्यात मागून लाकडांचा ट्रक आला. साडूंनी चपळाईनं सायकलवर टांग टाकली, ट्रकच्या मागची साखळी डाव्या हातानं पकडली, आणि ते एखाद्या देवस्थानच्या उत्सवमूर्तीसारखे संथपणे चढ चढू लागले. वर पोचून त्यांनी ड्रायव्हरला हात केला. त्यानंही ओळखीचा हात केला.

मी धापा टाकत वर आलो आणि विचारलं, "साडूबुवा, हे रोजचं?"

"ट्रक नसला तर बैलगाडी," ते म्हणाले. "मी सायकल चालवतो असं तुम्हाला सांगितलंय. चढावर चालवतो असं कुठं सांगितलंय?"

वांगणीत पोचलो तोवर ऊन चढलं होतं. कुडाच्या आठ-दहा झोपड्या, अंगणात नागलीच्या काडाचा ढीग. साडू पहिल्या दाराशी बसले. घरातली बाई कडेवर तान्हं पोर घेऊन बाहेर आली आणि काही न विचारता नागलीची भाकरी व मिरचीची चटणी त्यांच्यापुढं ठेवली. साडूंचा हात पुढं गेला. मी खाकरलो. हात मागं आला.

"आज नको बाई," साडू म्हणाले.

"कां? दुखस का काय?"

"नाही. वैद्यानं मना केलंय."

बाईनं माझ्याकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं, आणि भाकरी उचलून आत नेली. शेजारच्या घरीही असंच झालं. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत सगळा पाडा गप्प झाला होता. दारं लोटलेली. मघाशी अंगणात खेळणारी पोरं कुठं गेली ते कळेना. एका माळ्यावरून तेवढी खुसखुस ऐकू येत होती.

पहिल्या घरातली बाई दारात उभी राहून म्हणाली, "आमचे भाकरीला नाय म्हणस, न आमचे पोराला टोचस? दर साल भाकर खास, ता आम्ही पोर देतं. खाय नाय त्याचे हातात आम्ही पोर कशी देऊ?"

मला तेव्हा उलगडा झाला. दर घरी एक घास, आणि एका दिवसात तीस-चाळीस घरं. साडूंचं वजन वाढत होतं ते तिथं. त्या लोकांच्या दृष्टीनं लशीची पेटी घेऊन येणारा सरकारी माणूस म्हणजे संकटच. पण हा माणूस उंबऱ्यावर बसून आपली भाकरी बोटं चाटत खातो, तो आपल्या पोराचं वाईट करणार नाही, एवढं त्यांना पटलेलं होतं. सबंध मुलखात साडू हा भरवसा खाऊन कमवत आले होते.

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या वर्गातली मुलं बाहेर जायची परवानगी मागतात तसं. एरवी मी हसलो असतो. पण देवी आलेल्या नदीपलीकडच्या पाड्यावरून त्या दिवशी ढोलाचा आवाज येत होता, आणि तो कशाचा आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"खा," मी म्हणालो. "अक्कांना मी सांगतो."

साडूंनी भाकरी मागून घेतली. चटणीबरोबर पहिला घास घेतला आणि डोळे मिटून "आहाहा!" केलं. ते मुळीच नाटक नव्हतं, सकाळपासूनची भूक होती ती. माळ्यावरून एक डोकं बाहेर आलं. मग दुसरं. बाईनं कडेवरचं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. दुपार कलायच्या आत पाड्यातलं एकही पोर टोचायचं राहिलं नाही. मी प्रत्येकाचे हात धरत होतो आणि प्रत्येक घरी मलाही भाकरी खावी लागली.

परतताना चढ आला. मागून ट्रकचा आवाज आला. साडू त्याच्यासाठी थांबले नाहीत. सायकलवरून उतरले, हँडल धरलं आणि ढकलत चालू लागले. ड्रायव्हरनं वेग कमी करून भोंगा वाजवला. साडूंनी मान हलवली. घामानं त्यांचा कोट पाठीला चिकटला होता.

"मास्तर," मध्येच थांबून ते म्हणाले, "बाहेरचं सोडता येत नाही. तेव्हा घरचं सोडतो."

त्या दिवसापासून त्यांनी घरी फक्त ताक घेतलं. जेवायचं ते पाड्यांवर, दर घरी एकच घास. चढ सगळे स्वतःच्या पायांनी. पौषात कोट ढिला झाला, माघात विजार दोरीनं बांधावी लागली. तराजूपाशी जमणारी गर्दी ओसरली. उतरणारं वजन पाहायला लोकांना मौज वाटत नसावी. होळीच्या आठवड्यात ठाण्याला जायच्या आदल्या दिवशी एक रत्तल बाकी होता. साडूंनी न्हाव्याला बोलावून डोकं तुळतुळीत केलं आणि वीस वर्षं जोपासलेली मिशीही उतरवली. मिशीनं कितीसा फरक पडणार, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही ती उचलून हिंडला नाहीत."

डॉक्टरांनी पास केलं. बातमी कळली तसा मी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो. रविवार होता. अक्कांनी पहाटेपासून रांधलं होतं. वालाचं बिरडं, पुरणपोळी, कटाची आमटी, तुपाची वाटी. तीन महिने नवऱ्यानं त्यांच्या हातचं ताकाखेरीज काही घेतलं नव्हतं. साडू पाटावर बसले. एक पोळी खाल्ली. दुसरीचा तुकडा मोडला आणि हात थांबला.

"अहो, घ्या ना," अक्का म्हणाल्या.

"जात नाही गं," साडू ओशाळून म्हणाले. ते खरंच होतं, पोट आक्रसलं होतं.

अक्कांनी पोळ्यांच्या परातीवर फडकं टाकलं. लग्न झाल्यापासून त्या माउलीनं परात कधी भरलेली झाकली नव्हती. साडू त्यांच्याकडं बघत राहिले. ज्यांना आजवर जेवणापुढं दुसरं काही सुचत नसे, ते साडू.

"आज फिरती नाही मला," जरा वेळानं ते म्हणाले. "मी इथंच बसतो. तूही ताट घेऊन बस. काढ ते फडकं. होईल तेवढं हळूहळू खाऊ आपण."

मी पेढे फळीवर ठेवले आणि वहाणा पायात घातल्या. चार वाजता पुन्हा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा दार तसंच उघडं होतं, आणि आतून अक्का कसल्याशा गोष्टीवर खळखळून हसत होत्या.