चौकटीवरच्या रेघा

ऑफिसात तिला सगळे अंगठाबाई म्हणायचे. घरं भाड्याने देणारं ऑफिस ते, आणि हिचं काम रिकाम्या घरांचे फोटो काढायचं. हॉल, बेडरूम कोणीही काढेल हो! ही काढायची नळाखालचा डाग, फरशीचा टवका, स्विचभोवतीची काळी बोटं. उद्या भाडेकरू म्हणाला, "हे आधीपासूनच होतं," तर तोंडावर फोटो टाकता यावा म्हणून. आकार कळावा यासाठी शेजारी स्वतःचा अंगठा टेकवायची. फोटोत अंगठा ठरलेला, म्हणून हे नाव.

तिची धाकटी बहीण घर शोधून मेटाकुटीला आली होती. एकटी बाई आणि शाळकरी पोर म्हटलं की घरमालक नाक मुरडायचे. अंगठाबाईनेच तिला गल्लीच्या टोकाचं घर सुचवलं. कित्येक वर्षं बंद, मालक परगावी, किल्ली हिच्याच पर्समध्ये. दरवर्षी पाहणीला आणि फोटोंना हीच जायची. बहीण इतकी खूश झाली की तिने सामानही बांधायला घेतलं.

ताजे फोटो काढताना स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा पहिल्यांदाच नजरेत भरल्या. पोरांची उंची मोजतात ना, तशा, एकावर एक. जुना कोणी भाडेकरू असेल म्हणून तिने अंगठा टेकवला, फोटो काढला आणि ऑफिसात येऊन त्या स्वयंपाकघराचे जुने फोटो उघडले.

गेल्या वर्षी वरची रेघ नव्हती. त्याआधी आणखी एक कमी. मागे मागे जावं तसतशा रेघा खाली उतरत होत्या. कुलूपबंद घरात कोण वाढत होतं?

तिने घाईघाईने स्वतःचा फोन उघडला. कारण बहिणीच्या कपाटावरही अशाच रेघा होत्या. दर वाढदिवसाला बहीण भाच्याला तिथे उभा करायची आणि ही हौसेने फोटो काढायची, सवयीने अंगठा ठेवून. तिने दोन्ही फोटो शेजारी लावले. अंगठा तोच आणि रेघांमधली अंतरंही तीच; फक्त चौकटीवर सगळ्यात वर एक रेघ जास्त होती, भाच्याने अजून न गाठलेली.

"अहो, पोरं सगळीकडे सारखीच वाढतात," साहेब हसले. "चहा घ्या."

चहा कसला घेतेय! ती तडक त्या घरी गेली. नियम असा की रिकाम्या घरातलं काही बदलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो मोडला. पेन्सिल घेतली, टाचा उंचावल्या आणि पुऱ्या वाढलेल्या पुरुषाच्या उंचीवर ठसठशीत रेघ ओढली. "एवढा होणार आहे तो," ती रिकाम्या घराला म्हणाली. "समजलं?" कुलूप दोनदा ओढून पाहिलं, मगच निघाली.

दुसऱ्या दिवशी बहीण टेम्पो घेऊन यायच्या आत ती पोचली. कुलूप जसंच्या तसं. चौकटीवर तिची रेघ नव्हती. खाली फरशीवर खोडरबराचा कीस पडला होता, अगदी ताजा.

तेवढ्यात भाचा धावत आत आला, नेमका चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहिला. वरची रेघ त्याच्या केसांना टेकली. "मावशी, मोज ना!"

तिने त्याचं मनगट धरलं आणि फरफटत बाहेर आणलं. पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

खरं सांगून कोणाला पटणार होतं? "छत पोखरलंय," तिने ठोकून दिलं. "आधी नीट पाहिलंच नाही मी. हे घर मिळणार नाही."

"आणि मी कुठे जाऊ? जुनं घर सोडलंय मी!"

"माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे? मेले तरी नाही!" बहिणीने टेम्पो वळवायला सांगितला. पोराने वळूनही पाहिलं नाही. ते कुठे गेले, पुढे कितीतरी महिने हिला कळलं नाही.

शेवटी एकदा बाजारात बहीण समोरून आली. हिला पाहून तिने रस्ता बदलला. पण मागून पोरगा येत होता आणि त्याची पँट घोट्याच्या वर चढलेली होती; त्या शेवटच्या रेघेच्याही पुढे वाढला होता तो. अंगठाबाई भर बाजारात मटकन खाली बसली आणि रडली. बोलू नकोस बाई माझ्याशी, जन्मभर बोलू नकोस, पण त्याला नवी पँट घे.