हद्दीवरचं गाऱ्हाणं

आसपासच्या खेड्यांतली माणसं सावंतवाडीला अजून नुसतं 'वाडी' म्हणतात. 'वाडीत जातंय' म्हटलं की कुठली वाडी असं कोणी विचारत नाही. कोकणात उठल्याबसल्या वाड्या आहेत, पण नुसती वाडी म्हणजे संस्थानची राजधानी. पूर्वी तिला सुंदरवाडी म्हणत. हे सांगताना माझ्या वडिलांची मान ताठ होते, जसा काही तो राजवाडा यांच्याच बापाने बांधला. संस्थान विलीन झालं तेव्हा ते शाळकरी होते. राज्याचा त्यांना उपयोग झाला असेल तर तो एकदा दसऱ्याला मिळालेल्या पेढ्यापुरता.

मी कुडाळच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले. राजधानी कशाला म्हणावं यावरून बाबांचं आणि माझं कधी पटलं नाही. मी म्हणायचे, बाबा, कसली राजधानी घेऊन बसलात? रेल्वे आली, ती मळगावला थांबली. हायवे रुंद झाला, तो गावाला बाहेरून वळसा घालून बांद्याकडे निघून गेला. जिल्हा वेगळा झाला, तर कचेरी नेऊन ठेवली ओरोसच्या माळावर. तुमच्याकडे राहिलं काय, तर एक तळं, एक राजवाडा आणि बाजारातली लाकडी खेळणी. बाबा तालुका कचेरीत कारकून होते. जिल्हा झाल्यावर त्यांना सह्यांसाठी एसटीने ओरोसला जावं लागे, तो राग त्यांनी निवृत्तीनंतरही नीट जपून ठेवला होता. ते मला म्हणत, तू भूगोल शिकवतेस पण तुला हद्द कळत नाही.

हद्द हा त्यांचा आवडता विषय. सावंतवाडी, कुडाळ आणि बांदा एवढं संस्थानचं. मालवण आणि वेंगुर्ला इंग्रजांचं, त्याला खालसा म्हणत. किनारा साहेबाने आधीच काढून घेतलेला, त्यामुळे आमचं राज्य समुद्राच्या इतकं जवळ असून त्याला नाव घेण्यासारखं बंदर नव्हतं. माझी आई मसुऱ्याची, म्हणजे खालशातली. बाबा तिला चिडवायचे की तुमच्याकडे राजा नाही म्हणून तुम्हाला रीत नाही. आई भाकरी थापताथापता म्हणायची, आमच्याकडे मासळी होती, तुमच्याकडे नुसती रीत, चाटा ती आता. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून बाबा तळ्यामागच्या आळीतल्या घरात एकटेच राहत होते.

एकटे म्हणजे नावापुरते. कारण बाबांना गाऱ्हाणं घालता येतं. आमच्याकडे नवी गाडी घेतली, मुलगा परदेशी निघाला, घराचा पाया काढला, की देवासमोर नारळ ठेवून एक जाणता माणूस उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. तो थांबला की बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. व्हय दुसऱ्यांनी म्हणायचं असतं, स्वतःच्या मागण्याला स्वतः होकार देऊन चालत नाही. बाबांना हे काम आळीआळीतून बोलावून देत. त्यांचं गाऱ्हाणं मात्र संस्थानी. आंबोलीचा घाट, बांद्याची नदी, कुडाळची शीव, सगळी जुनी हद्द ते आधी मोजून घेत आणि मगच मुद्द्यावर येत. एकदा एका मोटारसायकलीच्या गाऱ्हाण्याला ते एवढे लांबले की मालकाचा ऑफिसचा वेळ टळला. तरी त्याने सगळे व्हय व्यवस्थित म्हटले, कारण ते एकदा सुरू झालं की तोंडातून आपोआप येतं. लहानपणापासूनची सवय ती.

गेल्या पावसाळ्याआधी बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण रात्र त्यांनी तिथेच फरशीवर काढली. सकाळी शेजारची काकी चहा घेऊन आली तेव्हा कळलं. हे ऐकून मी कुडाळहून मिळाली ती एसटी धरून आले. मी त्यांना कुडाळला चला म्हटलं. लेकीच्या घरी कायमचं राहायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं. मग मी चार दिवस त्यांच्याकडे आणि तीन दिवस माझ्या घरी अशी सर्कस सुरू केली. माझ्या नवऱ्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण माझ्या गुडघ्यांनी काढला. शेवटी पुण्याहून भाऊ आला आणि म्हणाला की मी नेतो.

भाऊ वाईट नाही. मला उगाच कोणाला खलनायक करायचं नाही. त्याचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सून सासऱ्याला नीट बघणारी आहे. पण गेली कित्येक वर्षं तो चतुर्थीलासुद्धा आला नव्हता. कधी सुट्टी नाही, कधी मुलांची परीक्षा, कधी घाटात दरड. बाबा फोनवर म्हणत, बरां, पुढच्या वर्षाक ये. एवढं बोलून फोन खाली ठेवत. आता त्याच मुलाबरोबर ते जाणार होते. परत कधी येणार, हा प्रश्न कोणीच काढला नाही. भावाने काढला नाही, बाबांनी काढला नाही. मला तो विचारायचा होता आणि मी कपडे भरत राहिले. बाबांनी आपलं धोतर, दोन लेंगे आणि बंड्या एवढंच दिलं. गणपतीतला रेशमी कद मी बॅगेत ठेवला, तर त्यांनी तो काढून परत कपाटात ठेवला. दर चतुर्थीला तो नेसूनच ते पूजेला बसत.

निघायच्या सकाळी भावाने गाडी तळ्याला एक वेढा घालून नेली. बाबांनी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं, हे मी त्याच्या खात्यावर मांडते. मोती तलावाच्या काठाने फिरायला निघालेली माणसं होती, पलीकडे राजवाडा, मागे नरेंद्राचा डोंगर. बाबा खिडकीतून बघत होते. शेजारची काकी आमच्याबरोबर मागे बसली होती. हद्दीपर्यंत पोचवून ती आणि मी रिक्षाने परत येणार होतो.

आंबोलीच्या रस्त्याला लागताना गावच्या हद्दीवर राखणदार देवाचं ठिकाण आहे. घाटाकडे जाणारी गाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. भावाने नारळ आणला होता. बाबा काठी टेकत उतरले, चपला काढल्या, नारळ देवापुढे ठेवला. भाऊ, काकी आणि मी मागे उभे राहिलो. भावाच्या हातात मोबाईल होता, त्यावर तो घाटातला रस्ता बघत होता.

"बा देवा म्हाराजा, वेशीच्या राखणदारा. वर आंबोलीचो घाट, खाली बांद्याची न्हंय, तकडे कुडाळची शीव. ह्या हद्दीत जा काय आसा ता तुजा म्हाराजा."

व्हय म्हाराजा, आम्ही म्हटलं.

मग त्यांनी मुलासाठी मागितलं, त्याची नोकरी, गाडी, मुलंबाळं. व्हय म्हाराजा. मग माझ्यासाठी मागितलं. चेडू माझं, म्हणजे ही लेक, तापट आहे, पण मनाने बरं आहे, त्याचे गुडघे बरे कर आणि त्याच्या घोवाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांभाळून घे. काकी फिसकन हसली, तरी व्हय म्हणाली. मग घराला कुलूप लागतंय, दिवा काकी लावेल, त्या दिव्याला कमी पडू देऊ नको. व्हय म्हाराजा. गाडी-रस्ता, घाट-वळणं, व्हय म्हाराजा. चाल लागली होती. बाबांचा आवाज तोच, पट्टी तीच.

"आणि माजी हयली राखण आता पुरी झाली म्हाराजा. माका ह्या हद्दीतसून मोकळो कर. माज्यापायी झिलाक परत ही वाट तुडवूक लावू नको."

"व्हय म्हाराजा."

आम्ही तिघांनी म्हटलं. भावाने म्हटलं, काकीने म्हटलं आणि मीही म्हटलं. तोंडातून शब्द गेल्यावर तो माझ्या कानात शिरला. आजवर बाहेरगावी निघालेल्या प्रत्येकासाठी बाबांनी इथे उभं राहून मागितलं होतं की गेल्या वाटेने सुखरूप परत आण. शाळेच्या सहलीसाठी मागितलं, मुंबईला मुलाखतीला निघालेल्या पोरांसाठी मागितलं, आईला मसुऱ्याला जत्रेला जायचं असे तेव्हा तर दर वर्षी मागितलं. स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांनी ते मागितलं नाही. उलट इथून मोकळं कर म्हणाले, माझ्यासाठी मुलाला परत या वाटेला लावू नको म्हणाले. आणि आम्ही पोटच्या पोरांनी आणि शेजारणीने त्याला हो म्हणून टाकलं.

बाबा नारळ उचलायला वाकले. नारळ फुटला की गाऱ्हाणं मिटलं, मग त्यात घालाघाल करता येत नाही. मी पुढे जाऊन तो त्यांच्या आधी उचलला.

भाऊ म्हणाला, अगं, उशीर होतोय. मी म्हटलं, शिरा पडली तुझ्या उशिरार, आत्ता कशाला व्हय म्हटलंस ते माहीत आहे का तुला? त्याला माहीत नव्हतं. मी त्याला बाबांचे शब्द पुन्हा सांगितले. त्याने मोबाईल खिशात घातला. काकीने पदर तोंडाला लावला. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मला पाठ सगळं आहे, जन्मभर ऐकलं आहे, पण कधी घातलं नव्हतं.   नारळ देवापुढे ठेवला आणि हात जोडले. घाट, नदी, शीव वगैरे काही घेतलं नाही. थेट मुद्द्यावर आले.

"बा देवा म्हाराजा, बायलमाणूस गाऱ्हाणां घालता म्हणान राग धरू नको. आत्ता जो व्हय झालो तो आमी न आयकता म्हटलो. तो पदरात घेव नको. माज्या बापाशीक चतुर्थीक ह्याच वाटेन घराक परत हाड म्हाराजा."

चतुर्थीला बाबांना घरी परत आण, एवढंच मागून थांबले.  काकी तोंड उघडणार होती, मी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. हा व्हय तिचा नव्हता. भाऊ रस्त्याकडे बघत होता. मला त्याच्या डोक्यातलं सगळं दिसत होतं: सुट्टी, दरड, मुलांच्या परीक्षा. इथे, या ठिकाणी, हो म्हटलं तर ते पाळावं लागतं, एवढं पुण्यात राहूनही तो विसरला नव्हता. म्हणूनच त्याला वेळ लागत होता. त्या वेळेबद्दल मी त्याच्यावर रागावले नाही. झटकन म्हटला असता तर रागावले असते.

त्याने चपला काढल्या. इतका वेळ तो चपलांसकट उभा होता आणि आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग बाबांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. 

मी रडले. भर रस्त्यावर, नाक वाहेपर्यंत रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? बाबांनी नारळ उचलला, दगडावर आपटला, एका घावात फोडला, पाणी शिंपडलं आणि अर्धं भकल भावाच्या हातात दिलं. मग गाडीत जाऊन बसले. मी त्यांच्या पायांवर शाल घातली. भावाने गाडी चालू केली तेव्हा बाबांनी त्याला थांबायची खूण केली, काच खाली घेतली आणि मला जवळ बोलावलं.

"गणपतीवर टांगूक रानातली कवंडळाची फळां लागतली," ते म्हणाले. "बाजारात वेळार मेळणत नाय. आदीच कोणाक तरी सांगून ठेव."