उभ्यानं गेलेला बालाजी

आम्ही जुने बास्केटबॉलवाले अजूनही रविवारी सकाळी परभणीत शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर जमतो. खेळ कमी, चहा जास्त. पोटं सुटली, केस गेले. आमच्यातल्या प्रत्येकाला काही ना काही नोकरीधंदा लागला. किस्से मात्र सगळे बालाजीचेच झाले! नोकरी करणाऱ्याचे कसले किस्से होणार? मी कॉलेजात क्लार्क आहे, मलाच माहीत. बालाजीचं तसं नाही. तो नुसता घराबाहेर पडला आणि चौकटीला डोकं आपटलं तरी आम्हाला आठवडाभर पुरायचं. असे इतके साठलेत की सांगायला बसलं की चहा गार होतो. आणि खरं सांगू का, अलीकडे सांगता सांगता हसू कमी व्हायला लागलंय. तरी सांगतोच.

*

बालाजी मूळचा वालूरचा. साडेसहा फूट उंच. त्याचे वडील, म्हणजे आमचे अप्पा, एसटीत कंडक्टर. परभणी-जिंतूर गाडी त्यांची. बालाजी तेव्हा शाळेत होता आणि एकदा वडिलांच्याच गाडीत, मान वाकडी करून, टपाला डोकं टेकवून उभा होता. आमचे बास्केटबॉलचे सर त्याच गाडीत होते. त्यांनी पाहिलं, दाराजवळची कंडक्टरची शीट रिकामी आहे. ते म्हणाले, "अहो, त्या पोराला तिथं तरी बसवा की!"

"ती शीट वाहकासाठी राखीव हाय," अप्पा म्हणाले. "तिथं तहसीलदार आले तरी बसू देत न्हाई मी."

"पण पोरगं हाय कोणाचं?"

"माझंच हाय. पास हाय त्याच्याकडं. दाखवायला लावू का?"

सर म्हणाले, "पास राहू द्या. पोरगंच द्या मला!"

तर असा बालाजी आमच्या टीममध्ये आला.

*

पहिली मॅच बघायला अप्पा खाकी कपड्यांवरच आले. दोन फेऱ्यांच्या मधे तेवढा वेळ होता. मॅच सोडून ते बराच वेळ वर रिंगकडेच बघत उभे राहिले. बॉल आत जायचा आणि खालून पडायचा. शेवटी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बाबा, ह्या टोपलीला बूडच न्हाई की. दिवसभर टाकलं तरी राहणार काय हाय त्यात?"

आम्ही ह्यावर कित्येक वर्षं हसलो. आता हा किस्सा कोणी काढला की फिरोज विषय बदलतो.

*

फिरोज म्हणजे आमचा सगळ्यात बुटका आणि सगळ्यात चपळ गडी. त्याचं मोबाइलचं दुकान आहे. नवीन प्रोफेशनल लीग निघाली, तिचा ड्राफ्ट आम्ही त्याच दुकानात बसून बघितला. ड्राफ्ट म्हणजे काय, तर टीमवाले आळीपाळीने एकेका खेळाडूचं नाव पुकारतात आणि आपल्याकडे घेतात. आपण लहानपणी गडी वाटून घ्यायचो तसंच, फक्त कोट घालून. ह्या लीगसाठी बालाजीने खेळाडूंच्या कोट्यातली पक्की नोकरी सोडली होती. सर तर त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जसं काही ते लोक त्याला स्क्रीनमधून बघणारच होते! काउंटरवर पेढ्यांचा पुडा. नावं यायला लागली. पंजाबची आली, केरळची आली, चेन्नईची आली. नाव आलं की आम्ही म्हणायचो, "आता पुढचं." मग स्क्रीनवर एक हसरा चेहरा आला आणि तसाच राहिला. फिरोजने वायफायचा डबा बंद करून चालू केला. चेहरा तोच.

"नेट लय स्लो चालायलंय बे आज!" फिरोज म्हणाला.

बालाजी म्हणाला, "नेट बरोबर हाय. संपलं ते."

मग त्यानेच पुडा सोडला. "खा रे. दुकानदार काय वापस घेणार हाय का?"

*

तेवढ्यात अप्पा ड्युटी संपवून दुकानात आले. शेवटी फिरोजने धीर केला. "अप्पा, बालाजीचा ड्राफ्ट झाला न्हाई."

"म्यानेजर जेवायला गेला असंल," अप्पा म्हणाले. "उद्या मी सोता जातो ब्यांकेत. रोज आपल्याच गाडीनं येतेत ते. कोणाच्या नावानं काढायचाय?"

एरवी आम्ही लोळलो असतो. त्या दिवशी नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की हा बँकेचा ड्राफ्ट नाही, गडी निवडायचा ड्राफ्ट आहे, आणि आपल्या बालाजीचं नाव कोणीच घेतलं नाही. अप्पांनी तिकिटाचं मशीन काउंटरवर ठेवलं.

"म्हंजे रिझर्वेशन झालं न्हाई, इतकंच ना?"

"तसंच समजा."

"आन् गाडी जाणार हाय का?"

"गाडी जाणारच की."

"मग उभ्यानं जायचं! रिझर्वेशन न्हाई म्हून कोणी गाडी सोडतंय का? पुढं कोणी ना कोणी उतरतंयच."

बालाजी खरंच गेला. कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेला. एका टीमच्या सरावाला जाऊन उभा राहिला.

*

त्या टीमने त्याला ठेवून घेतलं, पण कसं? सरावापुरतं. ज्या बाजूला गडी कमी पडेल त्या बाजूला बालाजी. सकाळी लाल बनियन, दुपारी निळं. फिरोजने फोनवर विचारलं, "तू कोणत्या पार्टीत हाय बे नेमका?"

बालाजी म्हणाला, "लिंबूटिंबू हाय मी. दोन्हीकडून खेळायलोय."

बारकी भावंडं रडू नयेत म्हणून त्यांना आपण खेळात घेतो, त्यांचा आउट धरत नाही, त्यांना लिंबूटिंबू म्हणतात. साडेसहा फुटाचा लिंबूटिंबू! हसून हसून फिरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. तो अजून म्हणतो की ते हसण्याचंच होतं.

*

पुढं खरंच कोणीतरी उतरलं. टीममधला एकजण आजारी पडला आणि मॅचपुरतं बालाजीला घेतलं. अप्पांनी रजा टाकली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही पुण्याला गेलो. केवढं मोठं स्टेडियम, गार हवा, लाइटच लाइट! बालाजी टीमसोबत बाहेर आला आणि बेंचवर बसला. पहिला भाग संपला, तो बसलेलाच. दुसरा संपला, तिसरा संपला, बालाजी टॉवेल मांडीवर घेऊन बसलेला. मला अप्पांकडे बघवेना. इतक्या लांबून आलेला माणूस, आता काय म्हणेल?

मॅच संपल्यावर बालाजी मान खाली घालून आमच्याकडे आला. अप्पांनी दोन्ही हातांनी त्याचे दंड धरले.

"शेवटी शीट मिळाली की रे! आन् ती बी पुढची!"

बालाजीने टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "हो अप्पा. मिळाली."

*

तो कोर्टवर उतरला एकदाच, पुढच्या मॅचला; तो गडी अजून आजारीच होता. त्या दिवशी मी अप्पांच्याच गाडीत होतो, बोरीकडे निघालेलो. मॅच मोबाइलवर लागली होती, माझ्याभोवती अर्धी गाडी गोळा झालेली. घाईत टीमने बालाजीला आजारी गड्याचाच शर्ट दिला होता, पाठीवरच्या नावावर चिकटपट्टी मारून. घामाने पट्टी निघाली आणि कॉमेंट्रीवाला बालाजीला त्या दुसऱ्याच्याच नावाने हाका मारायला लागला!

"ह्यो तर दुसराच हाय कोणी," मागून एकजण म्हणाला. "उगं फेकायलेत हे."

अप्पा तिकिटं काढत होते. ड्युटीवर मोबाइल बघायचा नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम. पण आमच्याजवळून जाताना त्यांची नजर क्षणभर खाली गेली.

"बालाजीच हाय त्यो," ते म्हणाले. "वाकूनच उभा हाय बघा. टप न्हाई तिथं, तरी वाकायलाय."

तेवढ्यात बालाजीने बॉल टाकला आणि बॉल आत गेला. गाडीत शिट्ट्या! मी वळून म्हणालो, "अप्पा, बघा, बघा!" पण तोवर ते पुढच्या माणसाचं तिकीट करत होते, आणि लगेच रेंजही गेली. नंतर मी कितीदा दाखवतो म्हणालो, पण तेवढा तुकडा काही कुठे सापडला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. ते एकदा बघायचं राहून गेलं.

*

गुडघा गेला तोही मॅचमध्ये नाही. सरावात, दुसऱ्याच्या जागी उभा असताना. मॅचमध्ये गेला असता तर निदान कोणी टाळ्या तरी वाजवल्या असत्या. ऑपरेशन झालं, लीगही गुंडाळली गेली आणि बालाजी परत आला. आपल्याकडे माणूस दिसला की पहिला प्रश्न एकच, नोकरीचा. स्टँडवर ओळखीचे एक काका भेटले.

"काय बालाजी, मग? कुठं लागलं का?"

"लागलं की काका."

"अरे वा! कुठं?"

"गुडघ्याला!"

काकाही हसले, आम्हीही हसलो. बालाजी सगळ्यात मोठ्याने.

*

मागच्या महिन्यात अप्पा रिटायर झाले. शेवटच्या फेरीला आम्ही सगळे गेलो. मी, फिरोज आणि काठी घेऊन बालाजी. परभणीच्या स्टँडवर गाडी लागली. अर्धी रिकामी होती, पण बालाजी सवयीने दांडीला धरून, मान वाकवून उभा राहिला. फिरोज म्हणाला, "अबे, बस ना. इतक्या जागा हायेत." तो म्हणाला, "राहू दे रे. पाय दुमडत न्हाई."

अप्पा आले. गळ्यात हार, हातात मशीन. त्यांनी बालाजीकडे बघितलं, मग दाराजवळच्या आपल्या शीटवरची बॅग उचलून खांद्याला लावली.

"बस हितं. पाय लांब कर."

"अप्पा, ती..."

"बस म्हणलं ना."

बालाजी बसला. अप्पा जिंतूरच्या सगळ्या रस्त्याने उभेच. झरीच्या थांब्याला एक म्हातारी चढली. तिला अप्पा चांगले माहीत होते, अप्पांचे नियमही. तिने पाय लांब करून बसलेल्या त्या दांडग्या गड्याला खालीवर बघितलं.

"कंडक्टर, तुमच्या जागेवर ह्यो कोण बसलाय?"

अप्पांनी तिचं तिकीट काढलं, तिच्या हातात दिलं आणि दोरीला हात घातला.

"त्याचं रिझर्वेशन हाय, माय," ते म्हणाले आणि डबल बेल दिली.