सोड म्हटलं, सोडून दे नाही

आमचे डॉक्टर आयुष्यभर एकच वाक्य बोलले. सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात खुर्चीतल्या पेशंटला, "जबडा सैल सोडा," आणि रविवारी खडकवासल्याच्या पाण्यावर आम्हाला, "दोर सैल सोड." दात काढणं आणि शिडाच्या होड्यांची शर्यत शिकवणं यांत त्यांना फारसा फरक वाटत नसावा. दोन्हीकडे माणूस घाबरून आवळून बसतो, हे त्यांचं निदान. आम्ही मुलं पाठीमागे त्यांना 'सैल डॉक्टर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

पहिल्याच रविवारी मी त्यांचं तंतोतंत ऐकलं. वारा पाठीमागून येत होता आणि मी शिडाचा दोर छातीशी धरून बसले होते. शेजारच्या मोटरबोटीतून ते ओरडले, "सोड!" मी सोडला. अख्खा. शीड भर्रकन पार पुढे गेलं, होडी भलत्याच अंगाला कलंडली आणि मी पाण्यात. वर आले तेव्हा डॉक्टर शांतपणे चष्मा पुसत होते. "अहो बाईसाहेब, सोड म्हटलं होतं. सोडून दे म्हटलं नव्हतं."

या दोन शब्दांतला फरक हाताला कळायला मला फार वेळ लागला. वारा पाठीशी असला की दोर थोडा थोडा द्यायचा, शिडाची पुढची कड किंचित थरथरेपर्यंत. थरथरली की जरासा ओढायचा, ती शांत झाली की पुन्हा द्यायचा. शर्यत संपेपर्यंत हेच. "शीड कुरकुरलं पाहिजे," डॉक्टर म्हणत, "गप्प बसलं तर समज, तू त्याचा गळा धरलायस." आणि तरीही कुणी दोर आवळलाच तर कपाळाला आठी घालून, "मंडईतली पिशवी आहे का ती? कोणी पळवत नाही!"

कॉलेजात असताना राज्याच्या संघात जायचं वेड मला लागलं होतं. निवडीच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यापर्यंत मी पुढे होते. वारा पाठीशी होता. मागून एक होडी सरकताना दिसली आणि माझी मूठ आपोआप मिटली. शीड गप्प झालं. ती होडी पुढे गेली, तिच्या मागची गेली, आणि संघातली जागा माझ्या डोळ्यांदेखत गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी जाहीर केलं, "डॉक्टर, होड्या बंद. शेवटचं वर्ष आहे, आता फक्त अभ्यास." ते माझी मनधरणी करतील अशी माझी खात्री होती. ते हात धूत राहिले.

"कर की अभ्यास. वर्षभर सैल सोड होडीला. टोक तेवढं हातात असू दे," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझा भयंकर अपमान झाला. पण परीक्षा संपल्यावरच्या रविवारी मी खडकवासल्याला हजर होते. संघात मी कधीच गेले नाही, पण पाणी सुटलं नाही. आज रविवारी मीच तिथे शिकवते. नोकरी, संसार, हट्टी मुलगी, सगळं मी त्या दोरासारखंच धरलंय. हे त्यांचं देणं आहे, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

यंदा डॉक्टर गेले. आदल्या दुपारी मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्यापाशी बसले होते. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत गच्च धरला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, माझ्या मुठीकडे पाहिलं आणि कपाळाला तीच जुनी आठी घातली.

"सैल," ते म्हणाले.

मी मूठ सैल केली. हात सोडला नाही.