काचेवरचा कागद

माझ्या धाकट्या जावेच्या गाडीला छतात काच आहे. बटण दाबलं की ती मागे सरकते आणि वर आभाळ उघडं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती गाडी घेतली तेव्हा आम्ही पेढे खायला बोरिवलीला त्यांच्याकडे गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. जावेने तिला सीटवर उभं केलं, तिचं डोकं छतातून बाहेर आलं आणि ती खाली उभ्या असलेल्या मला म्हणाली, "आई, बघ मी किती उंच!" मी हसले, हातही हलवला. पण ते वाक्य मी विसरले नाही.

जावेला मूल नाही. ती माझ्या मुलीला जीव लावते. मला त्याचं बरं वाटायला हवं हे मला कळतं, पण वाटत नाही. रविवारी संध्याकाळी ती खाली येऊन हॉर्न वाजवायची, की मुलगी चपला अर्धवट घालून जिना उतरायची. जुहूला जाऊन बर्फाचा गोळा खाऊन परत यायची. मी सकाळी तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या वाऱ्याने पार विस्कटलेल्या असायच्या. रात्री केस विंचरताना माझा हात जरा जोरातच चालायचा.

आमचे हे एका साहेबांची गाडी चालवतात. यंदा होळीच्या आधी साहेबांच्या जुन्या गाडीवर नारळ पडला. ती उभी होती माडाखाली. छताची काच फुटून साबुदाण्यासारखी आत सांडली आणि काचेखालचा सरकता पडदाही तुटला. साहेब तसेही नवीन गाडी घेणारच होते. ती जुनी त्यांनी ह्यांना स्वस्तात दिली. गाडी आमच्या बिल्डिंगखाली आली तेव्हा छतावर निळी ताडपत्री बांधलेली होती.

हे म्हणाले, "वर पत्रा मारून टाकतो. काचेची काय गरज आहे?"

मी म्हटलं, "पत्रा नको."

मी सहसा नको म्हणत नाही, त्यामुळे हे माझ्याकडे बघतच राहिले.

कांदिवलीत एका गाळ्यात मी बारा वर्षं काम करते. तिथे दुकानांच्या पाट्या आणि बक्षिसाच्या ढाली बनतात. काच दिसते पण काच नव्हे, ऍक्रेलिकची शीट असते ती. कापलेल्या तुकड्यांच्या कडा घासायचं काम माझं. पॉलिश पेपरने घासत गेलं की धुरकट कड हळूहळू पाण्यासारखी होते. ते काम मला आवडतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. पण आता बोलावं लागणार होतं. एका पाटीची ऑर्डर रद्द झाली होती आणि तिची जाड शीट भिंतीला टेकून पडली होती. ती शेठकडे मागायला मला तीन दिवस लागले. रोज पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्या टेबलापर्यंत जायची आणि पाणी पिऊन परत यायची. तिसऱ्या दिवशी शेठच म्हणाले, "बाई, तब्येत बरी नाही का? किती पाणी पिता!" तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच? घेऊन जा."

छताच्या भोकाचं माप मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतलं. चार कॅलेंडरं चिकटवली तेव्हा पुरलं. गाळ्यातल्या मशीनवाल्याने त्यावरून शीट कापून दिली, कडा मी घासल्या. दोन रविवार गेले त्यात. ह्यांनी साहेबांच्या गॅरेजवाल्याला विचारून एकच गोष्ट सांगितली, "कोपऱ्यात पाणी जायची भोकं आहेत, ती बुजवू नकोस." मी ती सोडून बाकी चहूबाजूंनी सिलिकॉन भरलं. ही काच सरकणार नव्हती, पण आत बसून आभाळ तर दिसलं असतं.

शीट चिकटेपर्यंत वर वजन हवं होतं. घरातून पाटा आणला, खाली चादरीची घडी घातली, दोन बाजूंना भरलेल्या कळशा ठेवल्या. तळमजल्यावरच्या मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, आता वाटणपण गाडीवरच वाटणार का? मला थोडं खोबरं वाटून दे." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी पाटा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काच घट्ट बसली होती. वरून हात फिरवला तर छत आणि काच यांच्यात नखही अडकत नव्हतं. ऍक्रेलिकच्या शीटला दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला असतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. आतल्या बाजूचा मी काढला. वरचा काढला नाही.

आमच्याकडे नवीन वस्तूवरचा कागद कुणी लगेच काढत नाही. टीव्हीच्या रिमोटवर अजून पिशवी आहे, फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक आपोआप सुटलं तेव्हा सुटलं. पण खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. मे महिन्यात दोन्ही गाड्या मिळून गावाला जायच्या होत्या. त्या दिवशी जावेची गाडी शेजारी उभी असताना सगळ्यांसमोर मला तो कागद ओढायचा होता. तिची काच दोन वर्षं धूळ खाल्लेली आणि माझी कोरी. मुलगी ते बघणार आणि माझ्या गाडीत बसणार, असं मी दोन महिने रोज मनात बघत होते.

मुलगी मागच्या सीटवर आडवी पडून वर बघायची. वर तपकिरी कागद.

"आई, काढ ना गं."

"गावाला जाताना."

"थोडासा काढ. एक कोपरा."

"ओरखडे पडतील. थांब ना जरा."

मग खाली हॉर्न वाजायचा आणि ती काकीकडे पळायची.

निघायच्या दिवशी सकाळी जाऊ आणि भावजी त्यांची गाडी घेऊन आमच्या बिल्डिंगखाली आले. मी साडी खोचून स्टुलावर चढले. मुलगी खाली टाळ्या वाजवत होती. मी कोपरा नखाने उचलला आणि ओढला. बोटाएवढी चिंधी हातात आली. पुन्हा ओढला, पुन्हा चिंधी. मार्च, एप्रिल आणि अर्धा मे, सगळं ऊन त्या कागदाने खाल्लं होतं आणि त्याचा गोंद काचेवर भाजून बसला होता. बारा वर्षं मी त्या शीटमध्ये हात घालते. गाळ्यात आम्ही शीट कधी उन्हात ठेवत नाही. का ठेवत नाही हे मी कधी विचारलं नव्हतं.

जाऊ जवळ आली. "वैनी, खोबरेल लावून बघू या का?"

"नको," मी म्हटलं. "असू दे."

"अगं पण एवढं केलंस तू..."

"असू दे म्हटलं ना."

भावजी घड्याळ बघत म्हणाले, "चला, पुढे ट्रॅफिकने वाट लागेल." मुलीने एकदा आमच्या छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काकीच्या गाडीत जाऊन बसली. वाटेत पुढे त्यांची गाडी होती. मध्येच तिचा हात छतातून वर यायचा, बोटं पसरून वारा धरायचा आणि आत जायचा. मी गावापर्यंत तो हात बघत गेले.

गावी आठ दिवस होतो. दुपारी सगळे आडवे झाले की मी खोबरेलाची वाटी घेऊन गाडीपाशी जायची. फणसाखाली गाडी होती. तेल लावायचं, मुरू द्यायचं, मग बोटाने चोळायचं. तिसऱ्या दिवशी जाऊ दुसरं स्टूल घेऊन आली आणि न विचारता पलीकडच्या बाजूने लागली. मी तिला नको म्हटलं नाही, पण जिथे गोंद सगळ्यात जास्त होता तो कोपरा तिच्याकडे राहील असं बघितलं. तिची लाल रंगवलेली दोन नखं तुटली.

"जाऊ देत," ती म्हणाली. "नखं काय, परत येतात. पण वैनी, कडा काय घासल्यायस गं! दुकानातली वाटते." नंतर थोड्या वेळाने म्हणाली, "पोर मला दोन महिने हेच सांगत होती. माझी आई काच करते, माझी आई काच करते. माझ्या गाडीत बसून!"

मी तेलात बोट बुडवलं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी रागही आला. हे मुलीने मला न सांगता तिला का सांगितलं?

आठव्या दिवशी काच निघाली, लख्ख. फणसाची पानं मोजता येतील अशी. परतीला मुलगी आपण होऊन आमच्या गाडीत चढली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. "आई, घार. आई, तो ढग बघ, बैलासारखा." तासभर मी जगात कुणाचा हेवा केला नसेल.

मग ऊन वर आलं. जावेची काच काळपट आहे, तिला पडदाही आहे. माझी काच पाट्यांची होती, दिव्याचा उजेड जराही अडवायचा नाही म्हणून बनवलेली. ऊन सरळ मुलीच्या तोंडावर पडायला लागलं. सीट तापली.

"आई, चटका बसतोय."

मी पदर पसरून दोन्ही हातांनी वर काचेला लावून धरला.

ती म्हणाली, "मग तो कागद काय वाईट होता?"

हे पुढून हसले. मी नाही हसले. टोलनाक्याच्या रांगेत दोन्ही गाड्या शेजारी आल्या. जावेने खिडकीची काच खाली केली. तिच्या गाडीतली गार हवा मला इथपर्यंत जाणवली. "वैनी, ऊन लागत असेल तिला. पाठव इकडे!"

माझे हात वर होते, खांदे भरून आले होते. खाली मुलीचे डोळे टक्क उघडे होते, ती माझ्याकडे बघत होती.

"झोपलीय," मी ओरडून सांगितलं. एवढ्या मोठ्याने मी रस्त्यात कधी बोलले नव्हते.

जावेने मान हलवली आणि काच वर केली. मी खाली पाहिलं. मुलीने डोळे मिटून घेतले होते, पण पापण्या हलत होत्या. रांग पुढे सरकली. मी पदर धरून ठेवला.