आक्काची तसबीर

आमची आई गेल्यावर मला थोरल्या बहिणीने, आक्काने वाढवले. ती लहानपणीच विधवा होऊन धारला माहेरी परत आली होती. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि इंदूरहून एक जुना कॅमेरा मिळवला, तेव्हापासून तिची एक तसबीर काढावी असे माझ्या मनात होते. पण दर वेळी ती म्हणे, माझ्या मेलीची कसली तसबीर, झाडं-डोंगर काढ.

एका हिवाळ्यात आम्ही तिघा मित्रांनी शनिवार-रविवार मांडूच्या डोंगरावर जायचे ठरवले. निघण्याच्या आदल्या दुपारी मी सामान लावीत होतो, तेव्हा आक्का आपणहून परसात येऊन बसली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "काढ. पण हस म्हणून सांगू नकोस."

मी काढली. त्या वेळी फोटो काचेवर उतरे, आणि काच अंधारात धुईपर्यंत तिला उजेड लागू द्यायचा नसे. माझ्या लाकडी चौकटीत पुढेमागे दोन काचा बसत, आणि उजेड अडवायला दोन्हींवर सरकत्या फळ्या असत. एकीवर आक्का होती, दुसरी मांडूसाठी कोरी. धुवायला सवड नव्हती, म्हणून ती चौकट तशीच बरोबर घेतली.

आमच्यातला एक देवासचा. वडील तिथल्या संस्थानच्या थोरल्या पातीत, म्हणजे थोरल्या राजांच्या दरबारी, मोठ्या हुद्द्यावर राहून आता घरी बसलेले, हा धारच्या कचेरीत. देखणा, बोलका, आणि त्याच्या थट्टेला हसले नाही तर आपणच गावंढळ ठरू, अशी त्याची ऐट. दुसरा आमच्या आळीतला वैद्य, मुकाट माणूस. शनिवारी पहाटे बैलांची दमणी जोडून निघालो ते दिवेलागणीला वर पोचलो.

रविवारी सकाळी दक्षिणेच्या कड्यावरच्या मंडपात गेलो. खाली निमाडचा सगळा सखल मुलूख धुक्यात बुडालेला होता. धुके विरून नर्मदेची रेघ दिसेपर्यंत थांबायचे होते. चौकटीला हात लावू नका, असे दोघांना बजावून मी काळ्या कापडाखाली डोके घातले. बाहेर देवासकराचे बोलणे ऐकू येत होते. "अरे भिया, हा अंधारात तोंड घालून काय बघतो, ते आपण उजेडात बघू." मी कापड फेकून बाहेर आलो, तोवर त्याने दोन्ही बाजूंच्या फळ्या ओढून चौकट उन्हात धरली होती. वैद्यसुद्धा हसत होता.

त्यात आक्का होती, एवढेच मला बोलता आले.

"मग काय झालं? आक्का काय पळून चालल्यात? परत काढ."

घरी आल्यावर आक्काला सांगितले. देवाच्या मनात नव्हतं, असे म्हणून ती उठली, आणि पुन्हा कधी बसली नाही. पुढच्या वर्षी प्लेग आला. आम्ही गावाबाहेर झोपड्या घालून राहिलो, आणि तिथेच ती गेली. आज मला तिचे कपाळ आठवते, हनुवटी आठवत नाही.

देवासकर समाचाराला आला. बराच वेळ बसला, चांगले बोलला. त्या चौकटीबद्दल मात्र अक्षर काढले नाही. तो ते लपवीत असता तर मला एक वेळ चालले असते. तो साफ विसरला होता. त्याच दिवशी मी ठरवले. मैत्री मोडली नाही. मोडली असती तर हाती काही लागले नसते. त्याच्या घरच्या पंगतीला जेवलो, त्याच्या थट्टेला हसलो.

एका थंडीत तो म्हणाला, की वडिलांचे गुडघे आता धरत चालले आहेत, ते पुरते धरण्याआधी त्यांना मांडूवरून नर्मदेचे दर्शन घडवायचे आहे; तू कॅमेरा घेऊन चल. मी लगेच हो म्हटले. वैद्यही आला. म्हाताऱ्यांना हाताला धरून मंडपात नेले. धुके सरले आणि लांबवर नदी चकाकली, तेव्हा त्यांनी हात जोडले व डोळे मिटले. "काका, जरा उजवीकडे वळा," एवढेच मी बोललो. तसा उजेड मला पुन्हा कधी मिळाला नाही. जोडलेल्या हातांच्या शिरा, खांद्यामागे नर्मदेची बारीक रेघ, सगळे स्वच्छ उतरले.

आठवड्याने तो तसबीर मागायला आला.

"फार छान आली आहे. पण तुला मिळणार नाही."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याला हळूहळू आठवले. त्याचा चेहरा पडताना मी पुरता बघून घेतला.

"एवढीशी गोष्ट तू अजून धरून बसलास?"

"तू विसरलास. मग मीच धरायला हवी."

त्याने वैद्याला मध्ये घातले. म्हाताऱ्याचा काय अपराध, असे वैद्याने विचारले. मी म्हटले, काहीच नाही, त्यांना नर्मदा दिसली. तसबीर मुलाला हवी आहे.

त्या उन्हाळ्यात म्हातारे देवासला वारले. दिवस उरकून तो माझ्याकडे आला, डोक्याचा गोटा केलेला. मी तसबीर काढून पाटावर उभी केली. तो रडला, पाया पडला, आता तरी दे म्हणाला. मी सांगितले, तिथीला येत जा, बघून जात जा.

तेव्हापासून दर पितृपक्षात तो येतो. येताना फुले आणतो. आता पुरे करा, असे माझी बायको दर वर्षी म्हणते, आणि तो येणार म्हणून पाटही तीच मांडते. माझा राग निवलेला नाही. त्याला वर्षातून एकदा तरी बाप दिसतो.

गेल्या खेपेला जिना चढताना त्याला धाप लागली होती. मी पाणी दिले, तसबीर पाटावर ठेवली, आणि तो नमस्कार करून उठेपर्यंत शेजारी बसून राहिलो. मग ती उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.